पानाला जिवाणू कळतो कसा? रिसेप्टर, पुढची साखळी आणि मोजताना होणारे घोळ

पर्णरंध्र

वनस्पतींच्या प्रतिकारशक्तीबद्दल इथे सुटंसुटं बरंच लिहून झालंय. पण रिसेप्टरने (ठरावीक रेणू ओळखणाऱ्या प्रथिनाने) जिवाणू ओळखला हे मोजायचं कसं, आणि सिग्नल आलाच नाही तर दोष साखळीत नेमका कुठे शोधायचा, हे एका जागी सापडत नाही. त्यासाठी हा धागा. सुरुवातीला थोडी उजळणी करतो, मग मोजणीकडे येऊ.

वनस्पतीकडे रक्तातून फिरणाऱ्या संरक्षक पेशी नाहीत आणि प्रतिपिंडंही नाहीत. त्यामुळे जवळपास प्रत्येक पेशीला स्वतःच पहारा द्यावा लागतो. हा पहारा दोन ठिकाणी असतो. पेशीपटलावरचे रिसेप्टर बाहेर काय आलंय ते पाहतात. पेशीच्या आतले रिसेप्टर (एनएलआर) जिवाणूने किंवा बुरशीने आत सोडलेल्या प्रथिनांचा, म्हणजे इफेक्टरचा, माग घेतात.

पटलावरचं सगळ्यात नीट अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या मोहरीवर्गीय झाडातला एफएलएस२. जिवाणूच्या शेपटीतल्या फ्लॅजेलिन प्रथिनाचा २२ अमिनो आम्लांचा तुकडा, एफएलजी२२, तो ओळखतो. हे जनुक २००० साली सापडलं. रिसेप्टरचा बाहेरचा भाग ल्युसीन-बहुल २८ आवर्तनांचा आहे आणि आत कायनेज (प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारा भाग) आहे. एफएलजी२२ येऊन बसला की काही सेकंदांत बीएके१ हा सह-रिसेप्टर येऊन मिळतो. २०१३ मध्ये या तिघांची स्फटिकरचना आली. तिच्यात दिसतं की पेप्टाइडचं एक टोक दोन्ही प्रथिनांच्या मध्ये डिंकासारखं बसलेलं आहे. म्हणजे बीएके१ नुसता मदतनीस नाही, पेप्टाइड ओळखण्यात त्याचा प्रत्यक्ष हात आहे.

पुढे बीआयके१ कायनेज फॉस्फरिलेट होऊन (फॉस्फेट चढून) रिसेप्टरपासून सुटतो आणि आरबीओएचडी या एन्झाइमला चालना देतो. त्यातून पेशीच्या बाहेर सुपरऑक्साइड आणि लगेच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. कॅल्शियम अर्ध्या ते दोन मिनिटांत वर जातं. पेरॉक्साइड दोन-तीन मिनिटांनी दिसू लागतो, १० ते १५ मिनिटांत शिखर गाठतो आणि पाऊण तासात ओसरतो. एमएपी कायनेज (सिग्नल पुढे नेणारी प्रथिनं) ५ ते १५ मिनिटांत जागे होतात. जनुकांची हालचाल अर्ध्या तासात दिसते, पर्णरंध्रं तास-दोन तासांत मिटतात, कॅलोज (पेशीभित्तीला जाड करणारी साखरेची साखळी) साचायला १२ ते २४ तास लागतात. कोणती गोष्ट कधी मोजायची हे या वेळापत्रकावरून ठरतं. २४ तासांनी पेरॉक्साइड शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

सावरी

धागा बुकमार्क केला. एक शंका आहे. जिवाणू तो २२ अमिनो आम्लांचा तुकडा बदलून सुटून का जात नाही?

पर्णरंध्र

सगळ्यांना ते परवडत नाही. तो भाग फ्लॅजेलिनच्या एन-टोकाला आहे आणि तंतू जुळायला लागतो. वाटेल तसा बदलला तर पोहणं बंद पडतं. तरी काहींनी जमवलंय. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम आणि राल्स्टोनियाच्या त्या तुकड्यात असे फरक आहेत की अरॅबिडॉप्सिसच्या एफएलएस२ला ते जवळजवळ दिसतच नाहीत. मग वनस्पतींच्या बाजूनेही उत्तर निघालं. सोयाबीनचा एफएलएस२ राल्स्टोनियाचा तुकडा ओळखतो, आणि विटिस रिपारिया या रानद्राक्षात अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा तुकडा ओळखणारा वेगळा प्रकार सापडलाय. दोन्ही शोध २०२० चे.

दुसरी पळवाट साखरेची. जिवाणू फ्लॅजेलिनवर साखरेचे रेणू चढवून तो तुकडा झाकतात. तुकडा मुळात प्रथिनाच्या आत दडलेला असल्याने तो सुटा व्हायला वनस्पतीची स्वतःची एन्झाइम लागतात. निकोटियाना बेन्थामियाना या तंबाखूच्या नात्यातल्या झाडातलं बीगॅल१ हे एन्झाइम आधी ती साखर काढतं, मग प्रथिन कापलं जातं. साखरेची जात बदललेली असेल तर बीगॅल१ला ती काढता येत नाही.

लघुलहर

मोजणीची कृती मी देते. पेरॉक्साइडची ल्युमिनॉल चाचणी (पेरॉक्साइड असेल तिथे ल्युमिनॉल उजेड देतं) सगळ्यात स्वस्त आणि जलद आहे, पण घोळही हिच्यातच सर्वात जास्त होतात.

झाडं ४ ते ५ आठवड्यांची, ८ ते १० तास उजेडात, २० ते २२ अंशांवर वाढवलेली हवीत. फुलोऱ्याचा दांडा निघालेली घेऊ नका. पूर्ण उघडलेली, पण पिवळसर न झालेली पानं निवडा. ४ मिलिमीटरच्या बायोप्सी पंचने किंवा कॉर्क बोररने मधली शीर टाळून चकत्या कापा. पांढऱ्या ९६-वेल प्लेटमध्ये दर वेलला १०० मायक्रोलिटर पाणी घालून एकेक चकती वरची बाजू वर ठेवून तरंगवा आणि रात्रभर तशीच राहू द्या. ही रात्र टाळता येत नाही. कापण्याच्या जखमेनेच पेरॉक्साइड निघतो आणि तो शांत व्हायला वेळ द्यावा लागतो. प्लेट पांढरीच हवी. पारदर्शक प्लेटमध्ये शेजारच्या वेलचा उजेड मिसळतो, काळ्या प्लेटमध्ये सिग्नल शोषला जातो.

सकाळी पाणी हलक्या हाताने काढा. पिपेटचं टोक चकतीला लागू देऊ नका, ती पुन्हा दुखावते. मग १०० मायक्रोलिटर द्रावण घाला: ल्युमिनॉल १०० मायक्रोमोलर (मिलिलिटरला साधारण १७.७ मायक्रोग्रॅम), हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम आणि एफएलजी२२ १०० नॅनोमोलर. ल्युमिनॉलचा हजारपट साठा म्हणजे डीएमएसओच्या एका मिलिलिटरमध्ये १७.७ मिलिग्रॅम. बाटलीला फॉइल गुंडाळा. अख्ख्या प्लेटसाठी साडेदहा मिलिलिटर द्रावण करा, म्हणजे साठ्यातून १०.५ मायक्रोलिटर.

द्रावण मल्टिचॅनेल पिपेटने घालून लगेच रीडरमध्ये ठेवा. दर मिनिट-दोन मिनिटांनी एक वाचन, एकूण ४५ ते ६० मिनिटं. घालण्यात आणि वाचण्यात पाच मिनिटं गेली तर वक्राचा चढच हातातून जातो.

पेप्टाइडबद्दल वेगळं सांगायला हवं. एफएलजी२२चं रेणुवजन सुमारे २२७२ आहे, म्हणजे १ मिलिग्रॅम ४४० मायक्रोलिटर पाण्यात विरघळवलं की १ मिलिमोलर साठा मिळतो. शुद्धता कमी असेल तर तेवढा हिशेब बदला. छोटे भाग करून गोठवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका. नॅनोमोलर पातळीवर पेप्टाइड प्लास्टिकला चिकटतं, म्हणून विरळ साठा मिलिलिटरला १ मिलिग्रॅम बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) आणि ०.१ मोलर मीठ असलेल्या द्रावणात करा. त्या बीएसएमध्ये टिकण्यासाठी सोडियम अ‍ॅझाइड घातलेलं नाही याची खात्री करून घ्या. अ‍ॅझाइड पेरॉक्सिडेज बंद पाडतं आणि सगळी प्लेट सपाट येते. अशा वेळी संशय झाडावर जातो, बाटलीवर जात नाही.

दर प्रकाराच्या किमान ८ ते १२ चकत्या घ्या, त्याही वेगवेगळ्या झाडांच्या. एकाच झाडाच्या बारा चकत्या घेतल्या तरी तो नमुना एकाच झाडाचा राहतो.

पानदेठ

उत्तम. तुलनेसाठी काय ठेवता? आणि एखाद्या म्युटंटमध्ये (जनुक बदललेल्या झाडात) सिग्नल निम्मा आला, तर 'रिसेप्टर बिघडला' असं म्हणता येतं का?

पर्णरंध्र

नाही. पेरॉक्साइड हे साखळीचं एक टोक आहे, ते कमी झालं म्हणजे वरची कोणतीही कडी ढिली असू शकते. प्रकाशित लेखांतसुद्धा या एका आकड्यावर फार मोठे निष्कर्ष उभे केलेले दिसतात.

तुलनेला नुसतं पाणी घातलेल्या चकत्या लागतात. शिवाय एफएलएस२ नसलेला म्युटंट हवा. तो नसेल तर वासिलेव्स्किया प्रकाराची (डब्ल्यूएस-०) अरॅबिडॉप्सिस घ्या, तिच्यात निसर्गतःच चालू एफएलएस२ नाही. तिच्यातही सिग्नल आला तर तुमच्या पेप्टाइडमध्ये दुसरंच काहीतरी आहे. आरबीओएचडी म्युटंट तर हवाच, तो जवळपास शून्यावर राहिला पाहिजे.

मग तीन वेगवेगळे चेतक (प्रतिसाद उठवणारे रेणू) घालून पाहा. एफएलजी२२ला एफएलएस२ आणि बीएके१ दोन्ही लागतात. एल्फ१८ हा जिवाणूच्या ईएफ-टीयू प्रथिनाचा तुकडा. त्याला ईएफआर हा रिसेप्टर ओळखतो, पण त्यालाही बीएके१ लागतो. कायटिनला (बुरशीच्या भिंतीतल्या साखरेच्या साखळीला) सीईआरके१ आणि एलवायके५ हे रिसेप्टर लागतात, बीएके१ लागत नाही. आता वाचा: फक्त एफएलजी२२चा सिग्नल गेला, बाकीचे दोन आले, तर दोष एफएलएस२पाशी. एफएलजी२२ आणि एल्फ१८ दोन्ही गेले, कायटिन राहिलं, तर बीएके१पाशी. तिन्ही गेले तर बीआयके१, आरबीओएचडी किंवा चाचणीच बिघडलेली.

बीएके१च्या बाबतीत एक खाच आहे. पूर्ण अभाव असलेल्या बीएके१-४मध्येही काही सिग्नल उशिराने येतो, कारण त्याच कुटुंबातला बीकेके१ काम उचलतो. बीएके१-५ हा अमिनो आम्ल बदललेला म्युटंट जास्त स्वच्छ उत्तर देतो आणि त्याची ब्रासिनोस्टेरॉइड हॉर्मोनची बाजू शाबूत राहते. तुलनेला तोच घ्या.

लघुलहर

यात मात्रेची भर घालते. १०० नॅनोमोलरला एफएलएस२ जवळपास तृप्त होतो. रिसेप्टर थोडासाच ढिला असेल तर या मात्रेला फरक दिसत नाही. १, १० आणि १०० नॅनोमोलर अशा तीन मात्रा लावा. फरक १ ला दिसला आणि १०० ला मिटला, तर ओळखण्याची धार कमी झालीय. तिन्हींत सारख्याच प्रमाणात दिसला, तर दोष बहुधा खाली आहे.

आणि पेरॉक्साइडला दुजोरा हवाच. एमएपी कायनेजसाठी १० ते १२ दिवसांची रोपं ०, ५, १५, ३० मिनिटांवर द्रव नायट्रोजनमध्ये टाका आणि फॉस्फो-पी४४/४२ या, फॉस्फेट चढलेले एमएपी कायनेज ओळखणाऱ्या, प्रतिपिंडाने ब्लॉट करा (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पट्टे पाहा). वरून खाली एमपीके६, एमपीके३ आणि एमपीके४चे पट्टे दिसतात. काढण्याच्या बफरमध्ये फॉस्फटेज रोधक विसरला तर पट्टे गायब होतात. आरबीओएचडी म्युटंटमध्ये पेरॉक्साइड शून्य असला तरी हे पट्टे येतात. म्हणजे ही शाखा वेगळी आहे, आणि 'सिग्नल नाही' हा निष्कर्ष किती घाईचा होता ते कळतं.

तंतुकवक

चेतकाच्या शुद्धतेबद्दल लिहायलाच हवं. बाजारात मिळणारं कवचाचं कायटिन पाण्यात विरघळत नाही. बारीक दळून, पाण्यात हलवून, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी वापरलं जातं. त्यात जिवाणूंचे अवशेष सर्रास असतात. म्हणून ते आधी एफएलएस२ आणि ईएफआर दोन्ही नसलेल्या म्युटंटवर लावून पाहा. शक्य असेल तर शुद्ध सात किंवा आठ साखरांची साखळी घ्या. चार साखरांच्या साखळीला अरॅबिडॉप्सिसकडून फारच कमी प्रतिसाद येतो.

लिपोपॉलिसॅकराइड या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातल्या रेणूचं उदाहरण तर प्रत्येकाला माहीत हवं. लोर हा रिसेप्टर २०१५ मध्ये लिपोपॉलिसॅकराइड ओळखणारा म्हणून पुढे आला. २०१९ मध्ये स्पष्ट झालं की तो प्रत्यक्षात मध्यम लांबीची ३-हायड्रॉक्सी मेदाम्लं ओळखतो, मुख्यतः दहा कार्बनचं. लिपोपॉलिसॅकराइड काढताना तीच सोबत येत होती. रिसेप्टर खरा होता, प्रतिसाद खरा होता, फक्त रेणू दुसरा होता.

पानदेठ

हे फार महत्त्वाचं. आणखी एक: एकदा एफएलजी२२ दिलेल्या चकतीला तासाभरात पुन्हा देऊन 'दुसरा प्रतिसाद' मोजू नका. पेप्टाइड लागलेला एफएलएस२ ३० ते ६० मिनिटांत पेशीच्या आत ओढला जाऊन मोडीत निघतो. नवा रिसेप्टर पटलावर येईपर्यंत चकती त्या पेप्टाइडला बधिर असते.

सावरी

आता आतल्या रिसेप्टरवर कुणी लिहा ना. पुस्तकात दोन थर दाखवतात: आधी पटलावरचा, तो फसला की आतला. खरंच इतकं सरळ आहे का?

तंतुकवक

हल्ला आणि बचाव आळीपाळीने दाखवणाऱ्या २००६च्या झिगझॅग आकृतीने विचार करायला चांगली चौकट दिली. पण थर वेगळे नाहीत. २०२१ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की आतला रिसेप्टर चालू झाला की पटलावरच्या साखळीची प्रथिनं, बीआयके१ आणि आरबीओएचडी धरून, वाढतात. पटलावरचे रिसेप्टर निकामी केलेल्या झाडात आतल्याचा प्रतिकारही लंगडा पडतो. दोघे एकमेकांना जोर देतात.

आतले रिसेप्टर इफेक्टरला थेट धरतातच असं नाही. बरेचदा ते इफेक्टरने केलेली मोडतोड ओळखतात. झाडाचं आरआयएन४ हे प्रथिन त्याचं नेहमीचं उदाहरण. स्यूडोमोनास जिवाणूचा एव्हीआर-आरपीटी२ हा इफेक्टर ते कापतो, आणि ते नाहीसं झालं की त्याच्यावर नजर ठेवून असलेला आरपीएस२ हा एनएलआर सुटतो. एव्हीआर-बी आणि एव्हीआर-आरपीएम१ त्याच आरआयएन४वर फॉस्फेट चढायला कारण होतात, तेव्हा आरपीएम१ हा दुसरा एनएलआर जागा होतो. एकाच प्रथिनावर दोन पहारेकरी.

झार१ या एनएलआरची रचना २०१९ मध्ये आली आणि बरंच काही उलगडलं. झँथोमोनासचा एव्हीआर-एसी हा इफेक्टर बीआयके१वर युरिडिनचा तुकडा चिकटवून त्याला बंद पाडतो. झाडाकडे त्याच घडणीचं पीबीएल२ आहे, ते आमिष म्हणून वापरलं जातं. इफेक्टरने त्यालाही तुकडा चिकटवला की ते आरकेएस१मार्फत झार१ला जाऊन मिळतं. झार१ एडीपी सोडून एटीपी धरतो आणि पाच जण कडं करून बसतात. त्यांचं पहिलं हेलिक्स बाहेर येऊन पेशीपटलात घुसतं. २०२१ मध्ये दिसलं की त्यातून कॅल्शियम आत येतं. गव्हाच्या एसआर३५ या एनएलआरचंही असंच पाच जणांचं कडं २०२२ मध्ये दाखवलं गेलं.

टीआयआर जातीचे (टीआयआर नावाचा भाग असलेले) आतले रिसेप्टर चौघांचं कडं करतात, पण स्वतः भोक पाडत नाहीत. ते एनएडी हा पेशीतला रेणू फोडून छोटे रेणू बनवतात, हे छोटे रेणू ईडीएस१ या प्रथिनाच्या जोड्यांवर बसतात आणि मग एडीआर१ किंवा एनआरजी१ हे सहायक एनएलआर कामाला लागतात. त्यामुळे ईडीएस१ नसलेल्या झाडात टीआयआरचा प्रतिकार कोसळतो. दोन प्रकार वेगळे करायची ही सोपी चाचणी आहे.

पर्णरंध्र

प्रयोगात हे पाहायचं तर निकोटियाना बेन्थामियानाच्या पानात रिसेप्टर आणि इफेक्टर दोन्ही अ‍ॅग्रोबॅक्टेरियममार्फत घालतात. बॅक्टेरिया १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १० मिलिमोलर एमईएस (पीएच ५.६) आणि १०० ते १५० मायक्रोमोलर अ‍ॅसिटोसिरिंगोनमध्ये मिसळून दोन-तीन तास ठेवा. प्रत्येकाची ओडी (बॅक्टेरियाची दाटी दाखवणारा आकडा) ०.३ ते ०.५. ४ ते ५ आठवड्यांच्या झाडाच्या वरून तिसऱ्या-चौथ्या पानात, खालच्या बाजूने, सुई नसलेल्या सिरिंजने भरा. दोन-तीन दिवसांत तो भाग कोसळतो. ३६५ नॅनोमीटरच्या यूव्हीखाली मरणारा भाग लवकर उजळून दिसतो.

इथे तुलना चुकली तर सगळं वाया. एनएलआर जास्त प्रमाणात बनला की इफेक्टरशिवायही पेशी मारू शकतो. आरपीएस२ एकटा घातला तरी पान मरतं. सोबत आरआयएन४ घातला की तो शांत होतो, आणि एव्हीआर-आरपीटी२ घातल्यावर पुन्हा मरतं. म्हणजे चार ठिपके लागतात: आरपीएस२ एकटा, आरआयएन४सह, आरआयएन४ आणि इफेक्टरसह, आणि आरपीएस२ वगळून बाकी दोघे. चारही ठिपके एकाच पानावर घ्या, कारण दोन पानांत फरक पडतो. ठिपका मेला नाही तर आधी ब्लॉट करून प्रथिन बनलंय का ते पाहा.

ही पद्धत अरॅबिडॉप्सिसमध्ये नीट चालत नाही. तिचा ईएफआर अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचं ईएफ-टीयू ओळखून वाट अडवतो. ईएफआर नसलेल्या झाडात तात्पुरतं जनुकरोपण बरंच सुधारतं. बेन्थामियानात ईएफआर नाही, तिच्या लोकप्रियतेमागे हेही एक कारण आहे.

लघुलहर

तापमान! तंबाखूतलं एन जनुक टीएमव्ही विषाणूला अडवतं, पण २८ अंशांच्या वर ते काम करत नाही आणि विषाणू झाडभर पसरतो. तापमान खाली आणलं की पसरलेल्या भागात एकदम पेशी मरू लागतात. टीआयआर रिसेप्टरांमध्ये हे वारंवार दिसतं. भरल्यानंतरची झाडं २१ ते २४ अंशांवर ठेवा, आणि वाढखोलीचं तापमान दिव्यांच्या खाली मोजा. दारापाशी मोजलेला आकडा पानाचा नसतो.

मुळं_खोड_पान

पिकांपर्यंत यातलं काय पोहोचलंय? आणि एफएलजी२२ सरळ फवारला तर?

पर्णरंध्र

फवारण्याचा उपयोग मर्यादित. वर लिहिल्याप्रमाणे रिसेप्टर बधिर होतो, शिवाय वाढ खुंटते. प्रयोगशाळेत १ मायक्रोमोलरमध्ये ८ ते १० दिवस ठेवलेल्या रोपांचं वजन निम्म्याहून खाली येतं, आणि ही स्वतःच एक मान्य चाचणी आहे.

रिसेप्टर एका कुळातून दुसऱ्यात नेणं जास्त आशादायक आहे. ईएफआर फक्त मोहरीच्या कुळात असतो. २०१० मध्ये तो टोमॅटोत घातला तेव्हा राल्स्टोनियासह वेगवेगळ्या जिवाणूंना प्रतिकार वाढला. खालची साखळी टोमॅटोत आधीच होती म्हणून हे जमलं. भातातला एक्सए२१ हा रिसेप्टर ओरायझा लाँगिस्टॅमिनाटा या रानभातातून आला. त्याचं जनुक १९९५ मध्ये वेगळं केलं गेलं, आणि तो ओळखतो ते राक्सएक्स पेप्टाइड २०१५ मध्ये निश्चित झालं. त्यातल्या टायरोसीनवर सल्फेट नसेल तर प्रतिसाद येत नाही, त्यामुळे पेप्टाइड मागवताना हे लिहून द्यावं लागतं.

एकेकटा एनएलआर मात्र टिकत नाही. गव्हाच्या एसआर३१ या प्रतिकार-जनुकाला चुकवणारा यूजी९९ तांबेरा युगांडात १९९० च्या दशकाच्या शेवटी सापडला. २०२१ मध्ये गव्हात पाच जनुकं एकाच तुकड्यात घालून पाहिली गेली, म्हणजे वारसाने ती एकत्रच जातात. त्यातली चार एनएलआर आहेत, पाचवं एसआर५५ वाहक प्रथिनाचं. जात वेगळी असल्यामुळे ते सोबत ठेवण्यात शहाणपण आहे. किंमतही असते: आरपीएम१ असलेल्या अरॅबिडॉप्सिसला, रोग नसताना, सुमारे ९ टक्के बी कमी येतं.

सावरी

शेवटची शंका. मुळांवरच्या उपयोगी बुरशीच्या भिंतीतही कायटिन असतं. मग झाड तिला का हाकलत नाही?

तंतुकवक

साखळीची लांबी आणि जोडीदार. भातात ओएससीईआरके१ (सीईआरके१चा भातातला प्रकार) दोन्हीकडे काम करतो. आठ साखरांच्या कायटिनला तो सीईबीआयपीसोबत उत्तर देतो, तेव्हा प्रतिकार उठतो. चार साखरांच्या तुकड्याला तो एमवायआर१सोबत उत्तर देतो, तेव्हा मायकोरायझाची (मुळांशी जोडी जमवणाऱ्या उपयोगी बुरशीची) वाट उघडते. ओएससीईआरके१ काढला तर प्रतिकार जातो आणि मायकोरायझाही कमी बसते. सीईबीआयपी काढला तर फक्त प्रतिकार जातो. ही तुलना करायची असेल तर मुळं फॉस्फेट कमी असलेल्या माध्यमात वाढवा. फॉस्फेट भरपूर असेल तर झाड मायकोरायझा घेतच नाही आणि सगळे म्युटंट सारखेच दिसतात.